विस्तवाला दाखवलं

माझ्या मुलाचा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो भिंतीपलीकडून, आणि घरातले पंखे बंद असताना.

मांडीच्या हाडाचा गोळा बदलल्यावर डॉक्टरांनी मला जिना बंद केला होता. मुकुंदवाडीतलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला नोकरीला. तो लॅपटॉप, कपड्यांची बॅग आणि गिटार घेऊन आला आणि म्हणाला, मी काही महिने इथूनच काम करतो. कंपनीचं काम संपलं की दुपारी तो आतल्या खोलीत जायचा. तिथं भिंतींना त्याच्या आईच्या गोधड्या टांगून त्यानं गाणी रेकॉर्ड करायची जागा केली होती. माईकला पंख्याचा आवाजसुद्धा चालत नाही. त्यामुळं गाणं सुरू झालं की दोन्ही खोल्यांतले पंखे बंद, फ्रीज बंद आणि मीही बंद. बोलायचं नाही, कण्हायचं नाही, शक्य तर खोकायचं नाही. महिना एप्रिलचा. पलंग भिंतीला लागून. उठून दुसरीकडं जावं म्हटलं तर वॉकर त्यानं कोपऱ्यात ठेवलेला, माझ्या हाताला लागणार नाही असा, कारण एकदा मी एकटाच उठायला गेलो होतो.

अशा अवस्थेत मी ती आठ गाणी ऐकली. त्यातलं शेवटचं माझ्या वडिलांवर होतं. त्यांनी आपलं डफडं जाळलं, असं त्या गाण्यात होतं. ते खरं नव्हतं. मुलाला ते ठाऊक नव्हतं आणि मला होतं.

आधी बाकीच्या गाण्यांबद्दल सांगतो, कारण ती चांगली आहेत आणि माझ्यामुळं त्यांच्यावर अन्याय नको.

सुरुवातीला मला ते संगीत वाटलंच नाही. अंगठा जाड तारेवर एकाच चालीनं पडत राहायचा आणि बाकीची बोटं वरच्या बारीक तारांवर काहीतरी वेगळंच सांगत बसायची. मला वाटायचं, आत दोघं जण आहेत. एक दमलेला, पाय ओढत चालणारा, आणि दुसरा त्याच्याशी बडबड करत बरोबर निघालेला. कधी तो डाव्या करंगळीत काचेची नळी घालून ती तारेवरून सरकवायचा. मग सूर एका जागी ठरायचा नाही. रडून दमलेलं मूल हुंदके देतं तसा खालीवर व्हायचा. मी विचारलं, ह्याला काय म्हणतात. तो म्हणाला, ब्लूज. अमेरिकेत कापसाच्या शेतात राबवलेल्या गुलामांच्या पोराबाळांनी हे काढलं, असं त्यानं सांगितलं. कापूस म्हटल्यावर मी जरा नीट ऐकू लागलो.

मला एक गोष्ट खटकायची. तो एक ओळ गायचा, तीच ओळ पुन्हा गायचा आणि मग तिसरी ओळ यायची. शब्द कमी पडतात का, असं मी त्याला विचारलं. तो हसला.

"एकदा सांगून कोण ऐकतं, पप्पा?"

ते मला पटलं. मी सदतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली आहेत.

पहिलं गाणं वैजापूरचं. मी तिथं तहसीलमध्ये कारकून होतो तेव्हा हा शाळेत होता. मार्केट यार्डाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची आणि गाडीवाले गाडीखालीच झोपायचे. गाणं अशा एका माणसाचं आहे. त्याचा नंबर लागत नाही. चाल इतकी सावकाश की गाडी खरंच पुढं सरकत नाही असं वाटतं. नळाचं गाणं मात्र हसवतं. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. त्या गाण्यातली बाई नळाशी नवऱ्याशी बोलावं तसं बोलते, आपल्या गल्लीतल्या बोलीत: कल आतूं बोलके गया, अब्बी तक आया नै. मध्ये गिटारवर तो नळाची हवा वाजवतो, पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो ती. रिकाम्या बादलीशेजारी उभं राहिलेल्या माणसालाच ते सुचेल. पाचोडच्या बाजाराचं एक आहे, त्यात भांडण आहे आणि ठेकाही भांडल्यासारखाच. एका तुकड्याला शब्दच नाहीत. दौलताबादच्या किल्ल्यात शत्रूला चकवायला केलेली ती काळोखी वाट आहे ना, त्यावरचा. तारा सैल सोडून अगदी खालच्या सुरात वाजवलेला. बाहेरचा उजेड आता दिसेल असं वाटतं आणि सूर पुन्हा त्याच वळणावर येतो. पंखा बंद, पाठ घामानं चिकटलेली, आणि भिंतीपलीकडून ते. मला वाटलं, ह्यानं हे माझ्यावरच केलं असावं. विचारलं नाही.

आणि मग ते शेवटचं. अंगठा नुसता तारेवर पडत नव्हता. तारेवर पडून लगेच लाकडावर थाप देत होता. ठेका सुरू झाला आणि मला तो ओळखू आला.

*आज्यानं जाळलं डफडं,*
*आज्यानं जाळलं डफडं,*
*राखंतनं निघाली माझी तार.*

गाणं सुंदर होतं. हीच अडचण होती. वाईट असतं तर मी गप्प पडून राहिलो असतो.

आता माझ्या वडिलांचं सांगतो. आमचं गाव पाचोडजवळ. माझा बा गावात डफडं वाजवायचा. हौस म्हणून नव्हे, आमच्या घराकडं ते कामच होतं. कुणाचं लग्न असो, कुणाची मयत असो, पोळ्याला बैल निघोत, वाजवणारे पुढं. उन्हात, चप्पल न घालता, आणि जेवणं उरकल्यावर जे उरेल ते घेऊन परत. पुढं आमच्या वस्तीनं धम्मदीक्षा घेतली. मी तेव्हा लहान होतो, पण तो दिवस मला लख्ख आठवतो. दीक्षा घेऊन मोठी माणसं परतली आणि पोरांनी वस्तीच्या मोकळ्या जागेत जाळ केला. आता गावापुढं वाजवायचं नाही असं ठरलं होतं. दोघातिघांनी आपापली डफडी आणून जाळात टाकली. मग बा आपलं घेऊन आला. उकिडवा बसला आणि नेहमीसारखं ते विस्तवापुढं धरून गोल गोल फिरवायला लागला.

डफड्याचं कातडं सैल पडतं. वाजवायच्या आधी ते शेकून ताठ करावं लागतं. आमच्यात त्याला विस्तवाला दाखवणं म्हणायचे. बानं डफडं विस्तवाला दाखवलं. सगळे वाट बघत होते की आता हा ते आत टाकेल. त्यानं बोटानं टिचकी मारून बघितली, उठला आणि वाजवायला लागला.

कुणीतरी कुचेष्टेनं विचारलं, "आज कुणाचं लगीन काढलं व्हय?"

"कुणाचंच नाय," बा म्हणाला. "म्हणूनच तर वाजवून बघतोय."

आधी कुणी हललं नाही. नंतर बाया हसायला लागल्या, आणि मग सगळी वस्ती नाचली. त्यानंतर बानं गावासाठी एकदाही वाजवलं नाही. घरी, अंगणात, स्वतःसाठी वाजवायचा. पुढं मला शहरात नोकरी लागली, आई वारली आणि तो माझ्याकडं राहायला आला. डफडं बरोबर घेऊन आला. भाड्याच्या खोलीत खुंटीला ते लटकायचं.

नोकरी लागल्यावर पहिल्याच जयंतीला आमच्या भागातल्या लोकांनी मला भाषणाला उभं केलं. शिकलेला पोरगा, सरकारी नोकर. मी बाची गोष्ट सांगायला लागलो. मी म्हणालो, "त्या दिवशी माझ्या बानं आपलं डफडं विस्तवाला दाखवलं," आणि श्वास घ्यायला थांबलो. पुढचं वाक्य तयार होतं. पण टाळ्या पडल्या. जोरात आणि बराच वेळ. शहरात वाढलेल्या माणसांना ते शब्द आमच्या घरच्या अर्थानं ठाऊक नव्हते. त्यांना वाटलं, जाळलं. पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते. टाळ्या थांबल्या तेव्हा मी पुढचं वाक्य गिळलं आणि शिक्षणावर बोलायला लागलो.

त्यानंतर गोष्ट माझ्या पुढं पुढं धावत गेली. कचेरीत, वस्तीत, लग्नाच्या मांडवात लोक मला ओळखायला लागले ते डफडं जाळणाऱ्याचा मुलगा म्हणून. मीही नंतर सरळ जाळलं असंच म्हणायला लागलो. आणि डफडं खुंटीवर होतं. कार्यकर्ते घरी चहाला येतो म्हणाले की मी काहीतरी सबब काढायचो. शेवटी एका रविवारी त्यांनी यायचं पक्कंच केलं. त्या सकाळी बा फिरायला गेला असताना मी डफडं खुंटीवरून काढलं, फोडलं आणि आंघोळीच्या बंबात घातलं.

कातड्याचा वास लपत नाही. बा परत आला, दारातच थबकला. खुंटीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही.

लोक आले. त्यांनी बाला हार घातला. बानं घालू दिला. पुढच्या जयंतीला तर त्याला व्यासपीठावर खुर्ची दिली. वक्ते त्याच्या धाडसाबद्दल बोलत होते आणि तो मान खाली घालून बसला होता. फक्त त्याची बोटं खुर्चीच्या हातावर हलत होती. खोटं बोललो मी, आणि आयुष्यभर त्यात बसून राहावं लागलं त्याला. तो काही बोलला असता तर माझं नाक कापलं गेलं असतं, म्हणून तो बोलला नाही. असंच मी धरून चाललो. त्याला मी कधी विचारलं नाही.

खोट्याला पुढं पथ्यंही पाळावी लागतात. कॉलेजात असताना मुलानं कुणाची तरी जुनी गिटार घरी आणली. आमच्या घरात कुणी वाजवत नाही, असं मी त्याला सांगितलं. तो वाद घालायला लागला तेव्हा म्हणालो, "तुझ्या आज्यानं डफडं जाळलं ते तू तारा छेडत बसावंस म्हणून नाही." त्यानं गिटार मित्राच्या खोलीवर ठेवली आणि तिथं शिकला. माझ्यावर तो चिडला नाही. त्याला आज्याचा अभिमान वाटत राहिला. त्या अभिमानातूनच हे गाणं झालं होतं. राखेतून तार निघाली, हे त्यानं मला दिलेलं उत्तर होतं, आणि ते अदबीनं दिलेलं होतं.

रेकॉर्डिंग सुरू झालं आणि मला खोकला येऊ लागला. पहिल्या वेळी खरंच आला. तो आतून आला, पाणी दिलं, परत गेला. पुन्हा तीच ओळ आली आणि मला पुन्हा खोकला. तिसऱ्या वेळी मी तो थोडासा आणला, हे कबूल करतो. मला वाटलं, गाणं असंच अडत राहिलं तर कंटाळून वगळेल. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. मग तो दारात येऊन उभा राहिला, गळ्यात गिटार.

"पप्पा, तुम्हाला त्याच ओळीला का खोकला येतो?"

मी म्हणालो, धूळ आहे.

"नळाच्या गाण्याला धूळ नव्हती. दौलताबादला नव्हती. जाळलं म्हटलं की येते."

मी छताकडं बघत सांगितलं. तुझ्या आज्यानं जाळलं नाही, मी जाळलं. मग बाकीचं, भाषण, टाळ्या, बंब. सगळं झाल्यावर त्यानं एवढंच विचारलं:

"आणि मला गिटार ठेवू दिली नाहीत, ती ह्याच्यासाठी?"

मी हो म्हणालो.

त्यानं गिटार गळ्यातून काढली, आत ठेवली आणि बाहेर गेला. बाहेरून कडी लावल्याचा आवाज आला. रोजच लावायचा, मला उठून दार उघडता येत नव्हतं म्हणून. पण त्या दिवशी तो पंखा लावायचं विसरला. किंवा विसरला नसेल. बटण दाराशेजारी होतं, पलंगावरून दिसत होतं. संध्याकाळपर्यंत मी त्या बटणाकडं बघत पडून होतो. त्या स्थिर पात्यांखाली मला पहिल्यांदाच बा व्यासपीठावर कसा बसला असेल ते कळलं.

तो परत आला, पंखा लावला, ताट वाढून आणलं. "जेवा," म्हणाला. पुढं कितीतरी दिवस गिटार वाजली नाही. औषधं वेळेवर, जेवण वेळेवर, आधार देऊन मला चालवणंही वेळेवर. पंखा दिवसभर चालू. त्या पंख्याच्या आवाजाचा मला इतका राग कधी आला नव्हता. मला वाटलं, मी अल्बमच बुडवला.

मग एका दुपारी तो पलंगाशेजारी बसला. हातात जेवणाचं स्टीलचं ताट होतं.

"विस्तवाला दाखवायचे म्हणजे कसं?"

मी ताट घेतलं. काठाला धरून गोल फिरवलं, बा फिरवायचा तसं. मग टिचकी मारली आणि, का ते कळत नाही, वाजवलं. आयुष्यात मी कधी काही वाजवलं नव्हतं. पण ठेका पूर्ण आला, बाच्या मधल्या अडखळीसकट. मुलानं त्याच्या गाण्यात ती अडखळ घेतलीच नव्हती. त्याला ती ठाऊक असणार कुठून? ती त्यानं माझ्याकडून तीन-चारदा करून घेतली. उठला आणि पंखा बंद केला. मला इतकं बरं वाटलं की घाम आला तरी मी पुसला नाही.

अल्बम निघाला. आता तो फोनवर कुणालाही ऐकता येतो. शेवटच्या गाण्यात राख नाही, आणि त्या ओळीतला एक शब्द बदललाय: आज्यानं विस्तवाला दाखवलं डफडं. दोनदा तेच. तिसऱ्या ओळीला शब्दच नाहीत, फक्त अंगठा वाजतो, त्या अडखळीसकट. मला तो अल्बममधला सगळ्यात चांगला तुकडा वाटतो. बापाचं मत म्हणून सोडून द्या हवं तर.

शहरातल्या एका सभागृहात त्यानं ही गाणी सादर केली. मला जिना उतरवत नव्हता, मी पलंगावर फोनवर बघितलं. शेवटचं गाणं आलं. "आज्यानं विस्तवाला दाखवलं डफडं," तो गायला आणि श्वासापुरता थांबला. टाळ्या पडल्या. तशाच, जोरात, बराच वेळ. पहिल्या रांगेत कुणीतरी उभं राहिलं. मी फोन हातात धरून बघत होतो की आता हा सांगेल. त्यानं मान खाली घातली आणि अंगठा तारेवर टाकला.

तो घरी आल्यावर मी त्याला म्हणालो, लोकांना पुन्हा जाळलं असंच वाटलं. तू सांगायला पाहिजे होतंस.

"मी गायलो ते खरं आहे," तो बूट काढत म्हणाला. "राहिलेलं तुमचं आहे, पप्पा. ते तुम्ही सांगा."

म्हणून हे लिहिलं. माझ्या वडिलांनी डफडं जाळलं नाही. त्यांनी ते शेकलं आणि वाजवलं, पहिल्यांदाच कुणी न सांगता. हे ठाऊक ठेवून ते गाणं ऐकावं, एवढीच विनंती.

एक गोष्ट मात्र मी मुलालाही सांगितली नव्हती. त्या रविवारी खुंटीकडं बघून झाल्यावर बानं टॉवेल घेतला आणि न्हाणीत गेला. बंब धगधगत होता. त्यानं त्यातलं पाणी बादलीत काढलं, आणि मी बाहेर उभा असताना आंघोळ केली. बराच वेळ तांब्याचा आवाज येत राहिला. बाहेर येऊन अंग पुसत म्हणाला, "पाणी चांगलं तापलंय. तूबी घे."

मी त्या पाण्यानं आंघोळ केली.